रिपोर्ट एक, पानं दोन

थायरॉइडच्या तपासणीशी नवी मुंबईचं नातं जुनं आहे. वाशीतल्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेनं रक्तातली थायरॉइडची संप्रेरकं मोजणारी किट प्रयोगशाळांना पुरवली. भाभा अणुसंशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या डॉ. ए. वेलुमणी यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या ‘थायरोकेअर’ची मध्यवर्ती प्रयोगशाळा तुर्भ्याच्या एमआयडीसीत आहे. आता तर सकाळी घरी येऊन रक्त नेतात आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यात कोलेस्टेरॉल एका पानावर असतं आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा, दुसऱ्यावर. पहिला आकडा चढा दिसला की घरात तूप बंद होतं. दुसरा चढा असला तर ‘थायरॉइड आहेच, गोळी चालू आहे’ म्हणून पान उलटलं जातं. ही दोन पानं एकत्र वाचायला हवीत, कारण काही रुग्णांत पहिल्या पानावरच्या आकड्याचं कारण दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं.

यकृताच्या पेशींवर एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. ते किती बनवायचे हे ठरवण्यात थायरॉइडच्या टी-३ संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. टी-३ कमी पडलं की रिसेप्टर घटतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर होण्याचा वेगही मंदावतो. गंमत अशी, की या अवस्थेत यकृत स्वतः कोलेस्टेरॉल कमीच बनवतं, तरी रक्तातलं वाढतं. नवी मुंबईकरानं इथे भरतीच्या वेळचा पाऊस आठवावा. शहरातलं पाणी धारण तलावांत साठतं आणि ओहोटीला झडपा उघडल्या की खाडीत जातं. झडपच अडकली, तर बेताच्या सरीनंही रस्त्यावर पाणी येतं. अशा वेळी नुसतं ताटातल्या तुपाकडे बोट दाखवणं म्हणजे ढगाला दोष देणं झालं.

हा संबंध वैद्यकाला नवा नाही. टीएसएचची चाचणी येण्यापूर्वी डॉक्टर थायरॉइडचा संशय पक्का करायला कोलेस्टेरॉलचाच आधार घेत. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या पाच हजारांवर प्रौढांची पाहणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडची कमतरता, आढळला आणि त्यांतल्या जवळपास एकतृतीयांश जणांना त्याचा पत्ताच नव्हता. पण ज्यांना पत्ता आहे, त्यांचंही सगळं सुरळीत असतं असं नाही. ग्रंथी पूर्ण निकामी झालेल्या प्रौढाला दर किलो वजनामागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन हे औषध लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. सुरुवातीला दिलेली २५ किंवा ५०ची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहिली, तर उपचार नावापुरताच उरतो. डोस बरोबर असला तरी तो रक्तात पोचायला हवा. गोळी अनशापोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते. लोकल गाठायच्या घाईत मात्र ती चहाच्याच घोटाबरोबर जाते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली, तर औषध आतड्यातच अडकतं. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं.

मग टीएसएच जरा वाढला की प्रत्येकाला गोळी द्यायची का? तर नाही. ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर युरोपात झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. सौम्य बिघाडात गोळीनं थकव्यासारख्या लक्षणांत फरक पडला नाही. अशा बिघाडात एलडीएलही थोडंच उतरतं. टीएसएच दहाच्या वर गेला की उपचाराची बाजू भक्कम होते. बरं, कोलेस्टेरॉल उतरवायला डोस वाढवत नेला तर? तोही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये हृदयरुग्णांना डेक्स्ट्रोथायरॉक्सिन हे थायरॉक्सिनचंच भावंड दिलं गेलं, कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू वाढताना दिसले आणि ते औषध थांबवावं लागलं. जादा संप्रेरकानं हृदयाची लय बिघडते, हाडं झिजतात. म्हणून डोस टीएसएच बघूनच ठरवायचा, कोलेस्टेरॉल बघून नव्हे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनचं काय, हा प्रश्नही रास्त आहे. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यानं थायरॉइडची वाट पाहत स्टॅटिन लांबवू नये, चालू असलेलं तर मनानं मुळीच थांबवू नये. पण थायरॉइड दुर्लक्षित राहिलं, तर स्टॅटिननं स्नायू दुखण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या ध्यानात असावं.

शरीरातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे बदललेल्या डोसचा खरा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी मोजता येतो. टीएसएच जागेवर आला की कोलेस्टेरॉल पुन्हा तपासावं. तरीही पहिलं पान चढंच निघालं, तर कारण दुसरीकडे आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते तसंच असतं. मग तूप, वजन, आनुवंशिकता, स्टॅटिन यांचा हिशेब जरूर मांडावा. निदान तो झडप उघडी आहे, याची खात्री करून मांडलेला असेल.