तंत्रज्ञान जुनं झालं, आता काम कुठे शोधायचं?



दरवर्षी जूनमध्ये आम्ही वर्गात मुलांची माहिती भरून घेतो. त्यात एक रकाना असतो, पालकांचा व्यवसाय. २०२२ च्या जूनमध्ये चौथीतल्या एका मुलीचे वडील फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का?"

कोपरखैरण्याला राहणारे, शिकलेले गृहस्थ. बारा वर्षं फ्लॅशमध्ये मुलांसाठी धडे आणि खेळ बनवायचे. फ्लॅश बंद पडलं आणि नोकरीही गेली. "मला जे येतं ते आता कुणालाच नकोय," असं ते म्हणाले.

हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. आम्ही डी.एड.ला गेलो तेव्हा प्रवेशासाठी झुंबड असायची. डी.एड. म्हणजे नोकरी पक्की, असं घरोघरी बोललं जायचं. आम्ही पास होऊन बाहेर पडलो आणि काही वर्षांतच भरती जवळजवळ थांबली. २०१३ मध्ये टीईटी आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली आणि कितीतरी डी.एड. कॉलेजं ओस पडली. हातातलं शिक्षण खरं असतं, पण त्याचा बाजार उठलेला असतो. तेव्हा माणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे. म्हणून मी हा विषय समजून घेतला. आमच्या नवी मुंबईत घरटी एक तरी संगणकवाला आहे, तेव्हा तुमच्याही कामाला येईल. चला तर मग, पाहूया.

आधी निदान करा: जुनं म्हणजे नेमकं कसं जुनं?

ताप आला की डॉक्टर आधी कसला ताप आहे ते पाहतात. इथेही तसंच करायचं. "माझं तंत्रज्ञान संपलं" असं म्हणण्याआधी ते पुढच्या तीनपैकी कशात मोडतं ते बघा.

१) खरोखर बंद झालेलं. याचं उदाहरण फ्लॅश. १९९६ साली ते मॅक्रोमीडियाकडे आलं आणि २००५ मध्ये ती कंपनी अडोबीने घेतली. एके काळी इंटरनेटवरचे खेळ आणि हलती चित्रं म्हणजे फ्लॅशच. पुढे आयफोनने त्याला जागा दिली नाही. २०१७ मध्ये अडोबीने बंदची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर चालवणंच थांबवलं. म्हणजे मालकानेच कुलूप लावलं. लॉकडाऊननंतर शाळा उघडल्यावर ब्राउझरमध्ये उघडणारे आमचे काही जुने धडेही उघडेनात, ते याच कारणाने.

२) मालकाने सोडलेलं, पण अजून चालणारं. व्हिज्युअल बेसिक ६ आणि फॉक्सप्रो यात येतात. व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवला आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोचा २०१५ मध्ये. पण आधार थांबला म्हणून बनवलेला प्रोग्रॅम त्या दिवशी मरत नाही. गोदामाचा हिशोब, छोट्या कारखान्याचा पगार, एखाद्या पतपेढीची खाती, असं बरंच काही त्यावर चालू राहतं. संगणक बदलला किंवा छपाई अडली की "तो जुना प्रोग्रॅम बनवणारा माणूस कुठे गेला?" अशी शोधाशोध सुरू होते.

३) म्हातारं, पण घर चालवणारं. हे आहे कोबोल. १९५९ मध्ये अमेरिकेत त्याची आखणी सुरू झाली. व्यापारी हिशोबासाठी बनवलेली ही भाषा. तिच्यात साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहितात आणि रुपये-पैशांचा दशांश हिशोब ती चोख ठेवते. मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांची मोठमोठी कामं अजून तिच्यावर चालतात. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं होतं!

जुनं फेकून का देत नाहीत?

मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, नवीन का नाही घेत?" मी त्यांना वाड्याचं उदाहरण देते. जुन्या वाड्यात कुठली भिंत भार पेलते हे बाहेरून कळत नाही. चुकीची भिंत पाडली तर छप्परच खाली येतं.

बँकेच्या प्रोग्रॅममध्ये तीस-चाळीस वर्षांचे नियम साठलेले असतात. कोणत्या कर्जाला कसं व्याज, कुठल्या वर्षी कुठली सूट, सगळं त्यातच. पुष्कळदा ते दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नसतं आणि लिहिणारा निवृत्त झालेला असतो. म्हणून मालक म्हणतो, चालतंय ना, मग सांभाळा. या 'सांभाळा' शब्दातच तुमची नोकरी आहे.

नवी मुंबई आणि जुनी भाषा

आपल्या गावाचं या जुन्या कामाशी जवळचं नातं आहे. महापे, ऐरोली या पट्ट्यातल्या कंपन्यांचं एक मोठं काम म्हणजे परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या प्रणाली सांभाळणं. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स १९७८ साली सुरू झाली. २०११ मध्ये ती आयगेटने घेतली आणि २०१५ मध्ये आयगेट कॅपजेमिनीकडे गेली. दारावरचा फलक बदलत गेला, तरी सांभाळण्याचं काम या धंद्यातून गेलं नाही.

त्याआधी १९९० च्या दशकात वाय-टू-के आलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहीत. ९९ नंतर ०० आलं की संगणक ते १९०० समजेल ही भीती होती. ते दुरुस्त करायला हजारो भारतीय कोबोल शिकले. २००० उजाडलं आणि ते काम संपलं. यातून एक धडा घ्यायचा: जुन्या तंत्रज्ञानाला मागणी येते तशी ओसरतेही.

मग काम शोधायचं कसं?

पहिली गोष्ट, शोधण्याचे शब्द बदला. जाहिरातीत नुसती भाषेचं नाव शोधू नका. 'मेनफ्रेम', 'जेसीएल', 'सीआयसीएस', 'डीबी२' हे कोबोलचे सोबती आहेत, तेही शोधा. 'मेंटेनन्स', 'सपोर्ट', 'मायग्रेशन' हेही शब्द टाका. जागा कमी असतात, पण अर्जदारही कमी असतात.

दुसरी, बायोडेटात भाषा नाही, काम लिहा. "कोबोल येतं" एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही. "कर्जखात्यांवर व्याज लावणारं रात्रीचं काम चार वर्षं सांभाळलं, बिघाड झाला तर सकाळी बँक उघडायच्या आत दुरुस्त केलं," असं लिहिलं की माणूस दिसतो. भाषा जुनी होते, पण बँकेचं, विम्याचं किंवा शिक्षणाचं ज्ञान लवकर जुनं होत नाही.

तिसरी, जुने गिऱ्हाईक आठवा. दुसऱ्या प्रकारातली कामं जाहिरातीत फारशी येत नाहीत. पूर्वी ज्यांना प्रोग्रॅम करून दिले त्यांना फोन करा. "तुमचं ते अजून चालतंय का?" एवढंच विचारा.

चौथी, पूल बना. जुनं वाचता येणारा आणि नवं लिहिता येणारा माणूस स्थलांतराच्या कामात लागतोच. फ्लॅशची ॲक्शनस्क्रिप्ट आणि आजची जावास्क्रिप्ट या एकाच घराण्यातल्या आहेत. ज्याला एक येते त्याला दुसरी परकी वाटत नाही.

पाचवी, मुदत विचारा. कामावर घेताना स्पष्ट विचारा, "ही प्रणाली किती वर्षं ठेवणार? बदलली की माझं काय?" विचारण्यात संकोच नको. स्थलांतर पूर्ण झालं की तुमचीच खुर्ची जाऊ शकते. त्या दिवसाची तयारी पहिल्या दिवसापासून करायची.

नव्याने शिकणाऱ्या मुलांनाही एक सांगते. "कोबोल शिका, लगेच नोकरी" अशी पाटी पाहून क्लासला मोठी फी भरू नका. बाहेरून घेताना या कामाला बहुधा अनुभवी माणूस मागतात, आणि नवख्यांना कंपनी घेतल्यावर स्वतःच शिकवते.

त्या रकान्याचं काय झालं?

त्या दिवशी मी त्यांना फॉर्म परत दिला आणि म्हटलं, "उद्या आणा, पण येताना तुम्हाला काय काय येतं त्याची यादी करून आणा." दुसऱ्या दिवशी ते वहीचं पान घेऊन आले. वर फ्लॅश लिहून खोडलं होतं. खाली मात्र होतं: दुसरीच्या मुलाला एका पडद्यावर किती शब्द पेलतात, चुकीच्या उत्तरावर कसला आवाज द्यावा म्हणजे मूल हिरमुसणार नाही, भागाकार चित्रातून कसा दाखवावा. मी पंधरा वर्षं शिकवतेय, तरी त्यातल्या दोन गोष्टी मलाही नव्या होत्या.

सहा-सात महिने गेले. मग त्यांना जुने फ्लॅशचे धडे नव्या पद्धतीत उतरवून देण्याचं कंत्राटी काम मिळालं. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे आणि काम वर्ष-वर्षाच्या करारावर आहे. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या जूनमध्ये मुलगी पाचवीत गेली, तेव्हा फॉर्मवरचा रकाना भरलेला होता: 'शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणे'.

विचार करा

१) तुमच्या घरातल्या मोठ्यांचं कोणतं कौशल्य आज मागे पडलं आहे? त्यातलं कोणतं ज्ञान अजून उपयोगी आहे?
२) तुमचं काम भाषेचं किंवा यंत्राचं नाव न घेता दोन वाक्यांत लिहा.
३) तुमचं तंत्रज्ञान वरच्या तीनपैकी कोणत्या प्रकारात येतं?

उत्तरं वहीत लिहा, घरी वाचून दाखवा. लेख आवडला तर गरजू माणसापर्यंत नक्की पोहोचवा.