वाद्याची दांडी व लांकडाची पारख

आषाढांत पंढरपुरास निघालेल्या दिंडींत विणेकऱ्याच्या खांद्यावरील वीणा आपल्या बीड जिल्ह्यांत कोणीं पाहिली नाहीं? अलीकडे कांहीं विद्यार्थ्यांच्या हातीं विजेची गिटारही दिसूं लागली आहे. दोन्ही वाद्यांचा भरंवसा दांडीवर असतो. म्हणून तिचें लांकूड कसें पारखावें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूनें आणितात व दांडी तुणीच्या लांकडाची करितात. त्यांच्या या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. गिटारीची दांडी मात्र बहुधा मेपल वृक्षाची असते. अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५० सालीं बाजारांत आणिलेल्या विजेच्या गिटारीस अखंड मेपलचीच दांडी होती.

मेपलच्या कांहीं फळ्यांवर वाघाच्या पट्ट्यांसारख्या लाटा झळकतात. तेथें लांकडाचे तंतू सरळ न जातां नागमोडी गेलेले असतात, म्हणून प्रकाश जागोजागीं निराळा परततो. पाहणारा मोहित होतो. परंतु दांडीचें काम निराळें आहे. गिटारीच्या ६ तारा मिळून दांडीवर सुमारें ४५ किलोचा ताण अहोरात्र देतात. सरळ तंतू तो निमूटपणें सोसतात. नागमोडी लांकूड त्या मानानें लवकर वांकतें. त्यांतून आपल्याकडे वैशाखांत लांकूड आकसतें व पावसाळ्यांत फुगतें. दांडीच्या पोटांतील लोखंडी सळईनें थोडा बांक काढतां येतो, पण पीळ निघत नाहीं. मग सूर बिघडतो, बोटें दुखतात आणि वडिलांनीं काटकसरीनें जमविलेला पैसा वायां जातो.

म्हणून लांकूड पूर्ण वाळलेलें असावें. दांडीच्या बाजूनें पाहतां रेषा टोंकापासून टोंकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. उघडें टोंक दिसत असेल, तर तेथील वर्षवलयांच्या रेषा उभ्या असलेल्या उत्तम. नक्षीची फारच हौस असेल, तर दांडी सरळ तंतूंची घेऊन पडद्यांची वरची पट्टी तेवढी नक्षीदार घ्यावी. तयार वाद्य घेतांना एक डोळा मिटून दांडीच्या टोंकाकडून खालपर्यंत नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्या दिसल्या, तरच दाम मोजावे.

मुलांनो, दुकानांत गेलां म्हणजे झळाळी मागाहून पाहा, आधीं रेषा पाहा. पालकांसही आमची हीच विनंती आहे.