वसतिगृह म्हणजे दुसरे घर

मुलगा शिकायला परगावी जायचा म्हटले, की आई विचारते, "राहील कुठे? खाईल काय?" आम्ही हेडमास्तर असताना हा प्रश्न पुष्कळदा ऐकला. फी कशीबशी भरता येते. पण दोन वेळच्या भाकरीपाशी गाडे अडते. हुशार पोर मग घरीच बसते.

याला उपाय म्हणजे वसतिगृह. आपण त्याला बोर्डिंग म्हणतो. साताऱ्याचे बोर्डिंग कसे उभे राहिले, ते ऐका.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. गोरगरिबांची पोरे तिथे आली. सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवू लागली. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. शिवाशीव मानणारे लोक नावे ठेवीत. भाऊराव मागे हटले नाहीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

पण रोज इतक्या मुलांना घालायचे काय? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांची आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले.

१९४७ साली संस्थेने साताऱ्यात कॉलेज काढले. तिथे रीत पडली, 'कमवा आणि शिका'. मुलाने काही तास शेतात किंवा बांधकामावर राबायचे. त्या कष्टातून शिक्षणाचा खर्च भागवायचा. कुणाची भीक नाही, कुणाचे उपकार नाहीत. हातात कुदळ धरल्याने विद्या बाटत नाही, हे मुलांना कळले.

बोर्डिंगात आणखी एक शिक्षण मिळते. पहाटे उठावे, आपले ताट आपण घासावे, खोली झाडावी. शेजारचा आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसावे. त्याची जात कोण विचारतो? हे पुस्तकात वाचून येत नाही. एकत्र राहून येते.

आज सरकारचीही वसतिगृहे आहेत. मुलांची आहेत, तशी मुलींचीही आहेत. तेव्हा कॉलेजात नाव घालताना बोर्डिंगची चौकशी करा. अर्जाची मुदत विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. जेवणाचे पैसे किती, तेही विचारा. जागा एकदा स्वतः पाहून या.

आता तुम्हाला वाचता येते. तो अर्ज तुम्हीच वाचा. सही तुमचीच करा. भाकरीपायी पोराची शाळा तोडू नका. पोरीची तर मुळीच नको.