दाई घोडी आणि पोरकें शिंगरूं

‘माय मरो, मावशी जगो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आज जी मावशी आपल्या भेटीस आणीत आहें, ती चार पायांची आहे.

अकरा महिने पोटांत वाढविलेलें शिंगरूं जन्मास घालून घोडी दगावली, तर पहिली अडचण चिकाची. मनुष्याच्या अर्भकास रोगप्रतिकारक द्रव्यें कांहीं अंशीं गर्भांतच मिळतात. घोडीच्या वारेंतून तीं जवळजवळ जातच नाहींत. तीं असतात चिकांत, आणि शिंगराचें आंतडें तीं शोषून घेतें तें केवळ पहिल्या दिवसापुरतें. त्यांतही पहिले सहा-आठ तास मोलाचे. म्हणून जाणते अश्वपालक दुसऱ्या घोडीचा चीक गोठवून ठेवितात.

मग दुधाचा प्रश्न. बाटलीवर शिंगरूं जगतें, परंतु घोड्यांची रीतभात शिकत नाहीं. माणसालाच सवंगडी समजून पुढें त्यालाच लाथा झाडतें. यास्तव दाई घोडी पाहावयाची.

पण घोडी आपलें पोर वासानें ओळखते. परकें जवळ येतांच चावते, लाथ मारते. तिचें शिंगरूं मेलें असेल, तर त्याचें कातडें पोरक्याच्या पाठीवर घालणें ही जुनी युक्ति. किंवा घोडीच्या नाकपुड्यांना व शिंगराच्या अंगाला एकच उग्र मलम लावितात. कधीं कांहीं तासांत, कधीं दोन-तीन दिवसांत ती त्याला हुंगून मंद हुंकार देते. मग काळजी नको. इंग्लंडांत श्रॉपशर परगण्यांतील न्यूपोर्ट येथें जोहाना व्हार्डन या बाईंनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशा दोन दुःखितांची गांठ घालून देणारी संस्था चालविली.

मात्र दाई नेहमींच अपत्य गमावलेली नसते. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत शर्यतीच्या शिंगरांसाठीं दाया भाड्यानें मिळतात. दुधावर यावी म्हणून अशी घोडी गाभण करवितात, आणि मागणी येतांच तिचें स्वतःचें शिंगरूं मागें राहतें. एकास सनाथ करावें, तों दुसरें अनाथ! अशा शिंगरांना सांभाळणाऱ्या संस्था तेथें निघाल्या, त्या उगीच नव्हेत.

सुदैवानें, पूर्वीं व्यालेली परंतु सध्यां भाकड असलेली घोडी औषधांनीं एक-दोन आठवड्यांत दुधावर आणतां येते, असें २००२ च्या सुमारास संशोधकांनीं दाखविलें. तेथें कोणाचें दूध तोडावें लागत नाहीं.

शिक्षक असतांना एका मुलास पुढें आणतांना मागें कोण राहिलें, हें पाहण्याची संवय मीं स्वतःस लाविली होती. तबेल्यांतही तोच नियम लागू आहे.