फिल्म कॅमेऱ्यासाठी पहिली लेन्स कोणती घ्यावी? (या भागाचं लिखित रूप)

‘जुना फिल्म कॅमेरा मिळालाय, आता लेन्स कोणती घेऊ?’ हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. छोटं उत्तर: एकच घ्या. ५० मिमी, एफ १.८ किंवा एफ २. उरलेले पैसे रोलवर घाला. आता मोठं उत्तर, जे मी चूक करून शिकलो.

आजीचा वाढदिवस

माझा पहिला फिल्म कॅमेरा पेंटॅक्स के१०००. त्यासोबत ५० मिमी एफ २ ची लेन्स आली होती. मला वाटलं, ही तर साधी, सगळ्यांकडे असते ती. काढून ठेवली कपाटात आणि ७०-२१० ची एफ ४ झूम घेतली. एवढी लांबलचक लेन्स म्हणजे भारीच असणार ना!

मग आजीचा ऐंशीवा वाढदिवस आला. संध्याकाळ, घरात ट्यूबलाइट, कॅमेऱ्यात आयएसओ २०० चा रोल. मी भिंतीला पाठ टेकवून उभा, कारण ७० मिमीमध्ये माणसं मावतच नव्हती. मीटरची सुई सांगत होती, शटर १/८. ठेवलं. ३६ फोटो काढले. रोल धुऊन आला, तर एकाही फोटोत आजीचा चेहरा नीट नाही. सगळे हललेले. नंतर तिचे फोटो काढले मी, पण सगळे नातेवाईक एकत्र जमलेला तो दिवस काही परत येत नाही.

चुकलं कुठे? साधा हिशेब

फोन अंधारात काय करतो? आयएसओ वाढवतो, पटापट अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक करतो. फिल्ममध्ये असलं काही नाही. रोल २०० चा घातला की सगळे ३६ फोटो २०० वरच. मग हातात उरतात दोनच गोष्टी: लेन्सचं तोंड किती उघडतं आणि शटर किती वेळ उघडं राहतं.

एफ ४ च्या तुलनेत एफ २ चारपट प्रकाश आत घेतं. म्हणजे त्याच खोलीत १/८ ऐवजी १/३० चाललं असतं. रोल ४०० चा असता, तर १/६०. हातात कॅमेरा धरून काढताना एक जुना नियम लक्षात ठेवा: शटर साधारण १ भागिले फोकल लेंथ, किंवा त्याहून जलद. ५० मिमीला १/६० पुरतं. २०० मिमीला १/२५० लागतं. म्हणजे माझी झूम प्रकाशही कमी घेत होती आणि वर जास्त जलद शटर मागत होती. दोन्हीकडून मार!

अजून एक फायदा. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे एफ २ ला व्ह्यूफाइंडर जास्त उजळ दिसतो आणि फोकस करणं सोपं जातं.

५० मिमी आपल्याला जमेल का?

हे फुकटात तपासता येतं. बऱ्याच फोनचा १एक्स कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. म्हणजे २एक्स केलं की जवळपास ५० मिमीचं दृश्य. आठवडाभर फक्त २एक्स वर फोटो काढा. सतत मागे सरकावं लागतंय? मग ३५ किंवा २८ मिमी बघा. चेहऱ्यांच्या अजून जवळ जावंसं वाटतंय? मग पुढे कधीतरी ८५ किंवा १३५.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली, माउंट. ‘पेंटॅक्सची लेन्स’ एवढं पुरेसं नाही. जुन्या पेंटॅक्स लेन्स एम४२ म्हणजे स्क्रूच्या, १९७५ पासूनच्या के माउंटच्या. कॅननची जुनी एफडी आणि १९८७ मध्ये आलेली ईएफ, ही दोन वेगळी माउंट आहेत, एकमेकांवर थेट बसत नाहीत. आपल्या कॅमेऱ्याचं नाव आणि माउंट आधी लिहून ठेवा.

दुसरी, बुरशी. आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा शत्रू! ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून फोनचा टॉर्च थोडा तिरका मारा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर सोडून द्या. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. मग साफ केली तरी डाग राहू शकतो. धुळीचे दोन-चार कण असतील तर काळजी नको. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना आणि फोकसची रिंग अडकत नाही ना, हेही फिरवून बघा.

आणि हो, माझ्या त्या ५० मिमीचं काय झालं? चामड्याच्या केसमध्ये, बंद कपाटात, दोन पावसाळे. आत बुरशी! चामडं ओल धरून ठेवतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. आता दुसरी घेतलीय. ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत राहते.

तर तुमच्या घरातही काका-मामांचा कॅमेरा कुठेतरी पडलेला असेल, तर आजच काढा आणि टॉर्च मारून बघा. कदाचित लेन्स विकत घ्यायची गरजच नाही. भेटू पुढच्या भागात!