रात्रीचे दहा डेसिबल

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक ओपीडीत आले. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. महापालिकेची जाहीर सूचना. त्यांच्या कॉलनीतील मुख्य रस्त्यालगतचे भूखंड निवासी विभागातून वगळून वाणिज्य विभागात घ्यायचे आहेत, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत पाठवाव्यात. कोपऱ्यावरच्या बंगल्यात दोन वर्षांपासून हॉटेल चालू होतेच. मागच्या भिंतीला जनरेटर, आणि रात्री साडेअकरानंतर पातेली घासण्याचा, शटर ओढण्याचा आवाज. सरांची झोपायची खोली त्या भिंतीला लागून.

‘डॉक्टर, या आवाजामुळेच माझा रक्तदाब वाढला, एवढे लिहून द्या. सुनावणीत कागद लावतो.’

मी ते लिहून दिले नाही. सरांचे वय ६८, वडिलांना रक्तदाब होता, लोणच्याशिवाय जेवण जात नाही. एका माणसाच्या बाबतीत नेमका आवाजच दोषी, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर शपथेवर सांगू शकणार नाही. सर नाराज झाले. पण त्या कात्रणात त्यांना न दिसलेली एक गोष्ट होती, आणि ती माझ्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाची होती.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे आवाजाची मर्यादा जमिनीच्या वापरावर ठरते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. वाणिज्य भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५. म्हणजे विकास आराखड्यात पिवळ्या भूखंडाला निळा रंग दिला की रात्रीच्या मर्यादेत दहा डेसिबलची भर पडते. दहा म्हणजे थोडेच, असे वाटते खरे. पण ही पट्टी आपल्या फूटपट्टीसारखी नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट जाणवतो. त्यावर आणखी एक मेख आहे. आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक झाला तर नागरिकाला तक्रार करता येते, अशी नियमातली तरतूद आहे. निवासी भागात रात्री ५५ ला तक्रार करता आली असती, ती रंग बदलल्यावर ६५ ला जाते. भिंत तीच, जनरेटर तोच, झोपणारा माणूसही तोच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी घराबाहेरच्या रात्रीच्या आवाजाची जी शिफारस केली, ती ४० डेसिबलची होती.

‘सवय होते हो’ हे वाक्य मी कायम ऐकतो. सवय होते, पण अर्धीच. डोळे मिटतात तसे कान मिटत नाहीत. झोपेतही आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो आणि धोक्याची दखल घेणारी यंत्रणा जागी होते. अॅड्रिनॅलिन स्रवते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. काही आठवड्यांत माणूस जागा व्हायचा थांबतो, हृदय मात्र दचकत राहते. लंडन, अथेन्स, मिलान आणि स्टॉकहोम येथील विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० जणांचा रक्तदाब झोपेत मोजला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विमान गेल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी वाढलेला आढळला, आणि झोपलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या कॉलनीवरून विमाने जात नाहीत हे मान्य. पण रस्त्यावरच्या वाहनांच्या आणि घरातल्या आवाजांनाही शरीराने तशीच दाद दिली होती. आवाज कुणाचा, हे झोपलेले शरीर विचारत नाही.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची ती विश्रांती. ज्यांचा तो उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक. दवाखान्यात घेतलेल्या एका मोजणीपेक्षा रात्रीचा आकडा याबाबत जास्त खरे बोलतो. आमच्याकडे चोवीस तास रक्तदाब मोजणारे एकच यंत्र आहे आणि त्याला रांग असते. सरांचा नंबर लागला तेव्हा त्यांचा रक्तदाब रात्री जेमतेम चार टक्के उतरलेला दिसला. यालाही कारणे अनेक असतात: घोरण्याचा विकार, मूत्रपिंडे, वय. शिवाय दंडावरचा पट्टा दर अर्ध्या तासाने फुगतो, त्यानेही झोप चाळवतेच. म्हणून मी एवढेच लिहून दिले की रात्रीचा रक्तदाब अपेक्षेइतका उतरत नाही, आणि अखंड झोप हा त्यांच्या उपचाराचा भाग आहे.

त्याच आठवड्यात त्याच कॉलनीतल्या एक ताई मधुमेहाच्या तपासणीला आल्या. पती गेल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या खोलीत पोळी-भाजी केंद्र सुरू केले. संध्याकाळी आठला बंद. त्यांनी प्रस्तावाच्या बाजूने सही केली होती. ‘डॉक्टर, दर दोन महिन्यांनी कुणीतरी येऊन विचारतो, परवानगी कुठे आहे? एकदाचे कमर्शियल झाले की माझा जीव भांड्यात पडेल.’ त्यांच्या साखरेचे आकडे मी पाहतो. रोजगार गेल्याची धास्तीही शरीरात उतरते. आणि सरांच्या घरी दोन वेळचा डबा जातो तो याच ताईंकडून! किराणा, औषधे, डबा पायी जाण्याच्या अंतरावर असणे म्हाताऱ्यांच्या तब्येतीला चांगलेच.

तेव्हा दुकान हवे की नको हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणते, किती वाजेपर्यंत, आणि त्याचे यंत्र कुणाच्या खिडकीखाली, हे विचारायला हवे. नकाशावरचा एक रंग पोळी-भाजी केंद्र आणि मध्यरात्रीपर्यंतचे हॉटेल यांच्यात फरक करत नाही.

आधी वापर आणि मागाहून नियम ही आपली जुनी रीत. दिल्लीत फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरांमधल्या बेकायदा दुकानांना टाळे ठोकण्याचा आदेश दिला. बंद, मोर्चे, दंगल, माणसेही दगावली. पुढच्याच वर्षी नव्या बृहत् आराखड्याने ठरावीक रस्त्यांवर घर आणि दुकान एकत्र चालवण्यास मुभा दिली. (आम्हा डॉक्टरांनीही फार मान वर करू नये. राहत्या बंगल्यांतली किती रुग्णालये आणि त्यांचे जनरेटर शेजाऱ्यांनी मुकाट सोसले आहेत!)

आपल्या राज्यात असे फेरबदल बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतात. त्यात हरकतीला एक महिना असतो, बाधितांना सुनावणी मिळते, आणि अखेरची मंजुरी राज्य शासनाची. ‘आमच्या आरोग्यास धोका आहे’ एवढ्या एका ओळीची हरकत फाइलमध्ये हरवते. मी सरांना वही घालायला सांगितली: तारीख, वेळ, आवाज कशाचा, किती वेळ. मोबाइलवरच्या ध्वनिमापकाचा आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही, पण अंदाज देतो. पंधरा रात्रींच्या नोंदींत रात्री अकरानंतरचा आकडा बहुतेक वेळा साठच्या पुढे होता. हरकतीत मागण्याही नेमक्या लिहिल्या: रात्री दहानंतर व्यवसाय बंद, जनरेटरला ध्वनिरोधक आवरण आणि त्याची जागा रस्त्याच्या बाजूला, धुराड्याचे तोंड घरांपासून दूर. नव्या जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, तीही नमूद केली. ताईंनी स्वतंत्र अर्ज दिला: दिवसा चालणाऱ्या घरगुती व्यवसायांना निवासी विभागातच परवानगी द्यावी.

सुनावणीला दोघे एकाच रिक्षाने गेले. वही अधिकाऱ्यांनी चाळली, दोन पाने झेरॉक्स करून ठेवून घेतली. प्रस्ताव आता मंत्रालयात आहे. हॉटेल चालू आहे. सरांनी आपली गादी पुढच्या खोलीत हलवली आहे. तिकडे पहाटे पाचला दूधवाल्याची सायकल खडखडते, पण तिच्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. यंत्राच्या रांगेत त्यांचा नंबर मी पुन्हा लावला आहे.