टाकीबाहेरची हवा (लेखांक 9)

आज उकळणाऱ्या द्रवांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण अमळनेरच्या एका वाचकाचा प्रश्न आधी सुटायला हवा : सर्व्हर तेलात बुडवून गार ठेवायची ही पद्धत जळगावच्या मे महिन्यात टिकेल का? माझ्या मते टिकेल. पण सिम्युलेशन करताना आपली सगळी मेहनत टाकीच्या आत खर्च होते आणि निकाल ठरतो टाकीच्या बाहेर. चिपला लागून असलेल्या तेलाच्या पातळ थरासाठी मेश (आकडेमोडीची जाळी) मिलिमीटरच्याही खाली बारीक करतात, तेलाचा दाटपणा तापमानाप्रमाणे बदलता ठेवतात. ते योग्यच आहे. एवढं करून बाहेरच्या हवेच्या रकान्यात आधीपासून भरलेले 20-25 अंश तसेच राहिले, तर ते उत्तर खान्देशाच्या उपयोगाचं नाही.

तेल उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते सुमारे दीड हजार पट उष्णता नेतं. 100 किलोवॉटची उष्णता 10 अंशांच्या फरकावर काढायला सेकंदाला साधारण 6 लिटर तेल पुरतं. पण रेडिएटरपाशी ती सगळी उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते. तेल 40 अंशांना परत पाठवायचं ठरवलं, तर 25 अंशांच्या हवेत 15 अंशांचं अंतर हाताशी असतं. 45 अंशांच्या हवेत तेच तेल गार होण्याऐवजी तापेल. कोणी म्हणेल, तापलेलं तेल पातळ होऊन अधिक वेगाने फिरतं, त्याचा फायदा मिळेलच की. फायदा खरा आहे : ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा दाटपणा 40 वरून 60 अंशांवर जाताना जवळपास निम्मा होतो. पण अडथळा तिथे नाही. उदाहरणार्थ, शेतातल्या डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, पत्र्याला आतून तेल जितक्या सहज उष्णता देतं, तितक्या सहज बाहेरची संथ हवा ती उचलत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पंपांचा भार ऐन उन्हाळ्यात चढतो तेव्हा हीच अडचण येते. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवरच्या साध्या कागदाचा सर्वांत तप्त भाग 98 अंशांच्या पुढे गेला, की दर 6 अंशांना कागदाची झीज दुप्पट होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मे महिन्यातली इथली हवा कोरडी असते, घरोघरचे कूलर त्यावरच चालतात. मग रेडिएटरवर पाणी का मारू नये? थर्मोडायनॅमिक्सच्या बाजूने काहीच हरकत नाही. मात्र पाण्याचा हिशेब करून पाहा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल नेतं. म्हणजे 100 किलोवॉटसाठी तासाला 150 लिटर, दिवसाला 3600 लिटर पाणी उडून जाणार, आणि तेही टंचाईच्या दिवसांत. त्यात मागे उरणाऱ्या क्षारांसाठी बदलायचं पाणी धरलेलंच नाही. धुळे-जळगावसाठी हा पर्याय मी पहिला मानत नाही.

तेलात बुडवण्याची खरी ताकद वेगळीच आहे : तेल गरमच ठेवता येतं. चिपची मर्यादा 80-90 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तेल 55 अंशांनी आत सोडलं तरी जागा उरते, आणि 45 अंशांच्या हवेशी 10 अंशांचं अंतर पाण्याशिवाय मिळतं. रेडिएटर दीडपट मोठा लागेल, एवढंच. मात्र चिपपाशी उरलेले 25-35 अंश खरोखर पुरतात का, हे अंदाजाने सांगता येत नाही. सिम्युलेशनची खरी गरज इथे आहे. दाब आणि वेग यांचा मेळ घालणारी 'सिम्पल' रीत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सुहास पाटणकरांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह 1972 साली मांडली. ओपनफोमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती आहे, त्यामुळे हे गणित जळगावच्या कॉलेजातल्या साध्या संगणकावरही मांडता येतं.

म्हणून वाचकांना एवढंच सुचवतो : पहिली धाव हवा 48 अंश, रेडिएटरवर ऊन आणि पाणी शून्य धरून घ्या. त्यात चिप मर्यादेत राहिली, तरच टाकीतले बारकावे सुधारत बसा. उकळणारे द्रव पुढच्या आठवड्यात.